मागच्या बाकावरून संसद कशी वापरावी : पहिल्यांदा लोकसभेत गेलेल्यांसाठी

पहिल्या अधिवेशनात बहुतेक नवे खासदार एकाच गोष्टीची वाट बघत बसतात : पक्ष भाषणाची संधी कधी देतो. ती लवकर मिळत नाही. कोणत्या विषयाला किती तास द्यायचे हे कामकाज सल्लागार समिती ठरवते, ते तास पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे वाटले जातात आणि पक्षाच्या वाट्याची मिनिटे आधी ज्येष्ठांकडे जातात. मागच्या बाकापर्यंत पाळी येते तेव्हा संध्याकाळ झालेली असते आणि हातात जेमतेम तीन-चार मिनिटे उरतात. तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री तोंडी उत्तर देतात ते) आणि शून्य प्रहर (तातडीचे मुद्दे मांडण्याची वेळ) यांचा क्रम मात्र सोडतीने लागतो. सोडतीत पाच वेळा निवडून आलेल्याची चिठ्ठी आणि तुमची चिठ्ठी यांत काही फरक नसतो. नव्या सदस्याने पहिली दोन वर्षे जीव ओतावा तो इथे.

आधी कागदपत्रे

तुम्ही विधानसभेचे किंवा विधान परिषदेचे सदस्य असताना लोकसभेवर निवडून आला असाल, तर निवड राजपत्रात जाहीर झाल्यापासून १४ दिवसांत राज्यातल्या जागेचा राजीनामा द्यावा लागतो. तो राहिला तर लोकसभेचीच जागा रिकामी होते. सत्काराच्या गडबडीत ही तारीख निसटू देऊ नका.

शपथ मराठीतून घेता येते. शब्द राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत दिलेत तेवढेच म्हणायचे. आधी किंवा नंतर घोषणा जोडू नये, २०२४ मध्ये अध्यक्षांच्या निर्देशांत तशी स्पष्ट तरतूदच झाली आहे. शपथ न घेता सभागृहात बसलात किंवा मत दिलेत तर अनुच्छेद १०४ प्रमाणे दर दिवशी ५०० रुपये दंड आहे. शपथेपासून ९० दिवसांत मालमत्ता आणि देणी यांचे विवरण अध्यक्षांकडे द्यायचे असते. निवडणूक अर्जाबरोबर दिलेले प्रतिज्ञापत्र वेगळे आणि हे वेगळे.

प्रश्न कसा लिहावा

अधिवेशनाचे समन्स (बोलावणे) निघाले की काम सुरू. प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. ‘पूर्ण’ म्हणजे सूचनेचा दिवसही धरायचा नाही आणि उत्तराचा दिवसही नाही. कोणत्या दिवशी कोणती मंत्रालये उत्तर देणार आणि त्यासाठी सूचना कधीपर्यंत हवी, याचा तक्ता लोकसभेच्या बुलेटिनमध्ये येतो. तो छापून कार्यालयाच्या भिंतीवर लावा. अधिवेशन सुरू झाल्यावर प्रश्न लिहायला बसलात, तर पहिले दोन आठवडे हातचे गेलेच.

रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात. तारांकिताला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतो, अतारांकिताला फक्त लेखी उत्तर मिळते. पण ११ ते १२ या तासात वीसपैकी वरचे मोजकेच होतात, उरलेल्यांची उत्तरे लेखी पटलावर (सभागृहाच्या अधिकृत नोंदीत) जातात. म्हणून अतारांकित प्रश्नाला दुय्यम समजू नका. आकडे हवे असतील तर तोच जास्त कामाचा, कारण जिल्हानिहाय तक्ता त्यातही तेवढाच मिळतो.

आता एक मसुदा जवळून बघू. नाशिककडचा नवा खासदार साधारणपणे असे लिहितो : ‘सरकारच्या चुकीच्या धोरणामुळे कांदा उत्पादक देशोधडीला लागला आहे, हे खरे आहे काय आणि त्याला न्याय कधी मिळणार?’ यात आरोप आहे, अनुमान आहे आणि विशेषणही आहे. नियमांना यांतले काहीच चालत नाही. चुकून स्वीकारला गेलाच तर उत्तर दोन ओळींत येते : ‘नाही’ आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’.

दुसरी चूक मंत्रालयाची. कांद्याची निर्यातबंदी हा वाणिज्य मंत्रालयाचा विषय. निर्यातशुल्क अर्थ मंत्रालयाचे. राखीव साठ्यासाठी नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था जी खरेदी करतात, ती ग्राहक व्यवहार विभागाकडे येते. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क लागले, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये ती उठली, सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. या सगळ्याबद्दल कृषिमंत्र्यांना विचारलेला प्रश्न एकतर दुसऱ्या मंत्रालयाकडे पाठवला जातो, नाहीतर गुळमुळीत उत्तर घेऊन परत येतो. आधी विषयाचे तुकडे करा, मग प्रत्येक तुकडा त्याच्या घरी पाठवा.

ग्राहक व्यवहार विभागाला जाणारा तुकडा असा लिहिता येईल : (अ) गेल्या तीन वर्षांत राखीव साठ्यासाठी किती कांदा खरेदी झाला, वर्षनिहाय आणि संस्थानिहाय, (ब) त्यातला महाराष्ट्रातला किती, जिल्हानिहाय, किती शेतकऱ्यांकडून आणि सरासरी किती दराने, (क) साठवणुकीत किती माल खराब झाला, (ड) खरेदीनंतर शेतकऱ्याच्या खात्यात पैसे जमा व्हायला सरासरी किती दिवस लागले आणि आज किती रक्कम थकीत आहे? यातल्या एकाही भागाला ‘नाही’ म्हणून सुटता येत नाही. सगळे मिळून १५० शब्दांच्या आत बसते, मर्यादा तेवढीच आहे. सूचना हिंदीतून किंवा इंग्रजीतून जाते. पण मसुदा आधी मराठीत पक्का करा. विचार कुठे लंगडा आहे ते आपल्या भाषेत लवकर कळते.

प्रश्न नाकारला जाण्याची नेहमीची कारणे : विषय राज्याच्या अखत्यारीतला (पोलीस, जिल्हा परिषदेचा रस्ता, तलाठ्याची बदली), प्रकरण न्यायप्रविष्ट, माहिती छापील अहवालात आधीच उपलब्ध, किंवा त्याच अधिवेशनात तसेच उत्तर होऊन गेलेले. शेवटची दोन कारणे टाळणे तुमच्या हातात आहे. संसदेच्या संकेतस्थळावर मंत्रालय आणि विषय टाकून जुनी उत्तरे शोधा. जुने उत्तर सापडले तर उत्तमच, नवा प्रश्न त्याच्या पुढून सुरू करता येतो.

प्रश्न ज्या पोर्टलवरून पाठवतात त्याच्या लॉगिनबद्दल इथे कडक शब्दांत सांगितले पाहिजे. प्रश्न मसुद्यापर्यंत कोणीही तयार करो, पण पासवर्ड आणि ओटीपी तुमच्याच हातात राहू द्या आणि पाठवण्याआधी प्रत्येक ओळ स्वतः वाचा. प्रश्नांसाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात डिसेंबर २००५ मध्ये दोन्ही सभागृहांचे मिळून ११ सदस्य बडतर्फ झाले. डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेतून एका सदस्याची हकालपट्टी झाली, त्यात लॉगिन दुसऱ्याला दिल्याचा मुद्दा मध्यवर्ती होता. एखादी कंपनी किंवा संघटना आयता प्रश्न घेऊन आली, तर त्यात तिचा फायदा कुठे आहे हे शोधल्याशिवाय तो पुढे पाठवू नये.

उत्तर आल्यावर

तारांकित प्रश्न लागला, तर उत्तराची प्रत सभागृह भरण्याआधी मिळते. मुख्य मजकुराआधी जोडपत्र वाचा. मंत्रालय अडचणीचा आकडा बहुधा तिथे ठेवते, किंवा तिथूनच तो गाळते. पूरक प्रश्न त्या जागेवर विचारायचा. नवे खासदार इथे हमखास घसरतात : दोन मिनिटे शेतकऱ्याच्या हलाखीचे वर्णन, मग तीन प्रश्न एकदम. मंत्री त्यातल्या सोप्या प्रश्नाला उत्तर देतात आणि बसतात. पूरक प्रश्न अर्ध्या मिनिटात संपवा. (ड) भागाला ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असे उत्तर आले असेल, तर एवढेच विचारा : थकीत रक्कम किती आहे हे कोणत्या तारखेपर्यंत पटलावर येईल?

असे उत्तर म्हणजे आश्वासन धरले जाते. ‘विचाराधीन आहे’, ‘मी यात लक्ष घालीन’, ‘माहिती पटलावर ठेवण्यात येईल’ अशा वाक्यांची ठरलेली यादीच आहे. शासकीय आश्वासन समिती ती वाक्ये वेचून काढते आणि पूर्ततेसाठी मंत्रालयाला तीन महिने असतात. मुदत संपली की समितीला पत्र लिहा. हे पत्र फार थोडे सदस्य लिहितात, म्हणूनच त्याला वजन आहे. उत्तर अपुरे असेल तर लोकसभेच्या कामकाज नियमांतल्या नियम ५५ खाली अर्धा तास चर्चाही मागता येते. सूचनेसोबत चर्चा का हवी याची कारणे सांगणारे टिपण जोडावे लागते. ती लागण्याची शक्यता कमी असते, तरी मागून ठेवावी.

शून्य प्रहर आणि नियम ३७७

शून्य प्रहर नियमांच्या पुस्तकात नाही, तो प्रथेने चालतो. सूचना त्याच दिवशी सकाळी १० पर्यंत पोचली पाहिजे. विषय खरोखर तातडीचा आणि एकच असावा. बोलायला एखाद-दोन मिनिटे मिळतात, मग माइक बंद होतो. म्हणून मागणी पहिल्या वाक्यात सांगा, कारण नंतर. ‘माझ्या मतदारसंघात अमुक स्थानकावर अमुक गाडीचा थांबा पूर्ववत करावा’ हे आधी बोलून झाले की मग माइक बंद झाला तरी काम झालेले असते. मंत्र्यांवर तिथल्या तिथे उत्तर देण्याचे बंधन नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी भाषणाचा छापील उतारा जोडून मंत्र्यांना पत्र पाठवा.

नियम ३७७ खाली एखादा मुद्दा मांडण्याची सूचना २५० शब्दांच्या आत असते आणि सदस्याला आठवड्यातून एकच मिळते. मंजूर झालेला मजकूरच नोंदीत जातो, त्यात ऐनवेळी भर घालता येत नाही. पुढे मंत्रालयाचे लेखी उत्तर येते. मतदारसंघातल्या रेंगाळलेल्या कामाला हे साधन शून्य प्रहरापेक्षा सोयीचे आहे. गाजावाजा कमी होतो, पण कागद हातात राहतो.

बोलताना

मराठीतून बोलता येते, भाषांतराची सोय आहे. मात्र तसे आधी कळवून ठेवावे लागते. पहिल्या भाषणात अडथळा न आणण्याची प्रथा आहे, तिचा मान राखून तेव्हा कोणावर तुटून पडू नये. सगळे बोलणे अध्यक्षांना उद्देशून. बोलणारा सदस्य आणि अध्यक्ष यांच्या मधून चालत जायचे नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १०५ प्रमाणे सभागृहातल्या बोलण्यावर खटला चालत नाही, पण मर्यादा आहेतच. कोणावर बदनामीकारक आरोप करायचा, तर नियम ३५३ प्रमाणे अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्यांना आधी सूचना द्यावी लागते. न्यायाधीशांच्या वर्तनावर बोलता येत नाही. त्यांना पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव असेल तेव्हाच ती मुभा. कामकाजातून काढून टाकलेले वाक्य स्वतःच्या फेसबुकवर टाकाल तर हे संरक्षण तिथे चालत नाही. व्हिडिओ कापणाऱ्या मुलाला हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. हौद्यात (अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत) उतरून गोंधळ घातल्यास नियम ३७४-अ खाली अध्यक्षांनी नाव घेताच आपोआप निलंबन होते : पाच बैठका किंवा उरलेले अधिवेशन, यांत जे कमी असेल ते.

समिती

विभागांशी संबंधित २४ स्थायी समित्या आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य असतात : लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. मंत्री नसतात, कॅमेरे नसतात, आणि सचिव समोर बसून उत्तरे देतात. नव्या खासदाराला मंत्रालय आतून समजते ते इथेच. समिती मागताना मोठ्या नावाच्या मंत्रालयामागे धावू नका. मतदारसंघात ज्या खात्याची कामे अडली आहेत, तेच मागा. बैठकीआधी मागच्या वर्षीच्या अनुदान मागण्यांवरचा (मंत्रालयाने मागितलेल्या खर्चावरचा) अहवाल आणि त्यावर सरकारने केलेल्या कार्यवाहीचा अहवाल शेजारी ठेवून वाचा. न स्वीकारलेल्या शिफारशींतूनच तुमचे प्रश्न निघतील. चर्चा गोपनीय असते, बाहेर येऊन बाइट देऊ नये.

खासगी विधेयकाचा (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडायच्या विधेयकाचा) मोह पहिल्या वर्षी आवरावा. त्यासाठी शुक्रवारचे शेवटचे अडीच तास असतात, तेही ठरावांबरोबर वाटून. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ विधेयके कायदा झाली, शेवटचे १९७० मध्ये. विषय सरकारपुढे ठेवायला ते चांगले साधन आहे, पण त्यात खपणारा वेळ आधी प्रश्नांना द्या.

व्हिप (पक्षादेश) आला की तो नीट वाचा. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीनुसार (पक्षांतरबंदी कायदा) पक्षादेशाविरुद्ध मत दिले किंवा मतदानाला गैरहजर राहिलात आणि पक्षाने १५ दिवसांत ते माफ केले नाही, तर सदस्यत्व धोक्यात येते. परवानगीशिवाय सलग ६० दिवस गैरहजर राहिल्यासही सभागृह जागा रिक्त जाहीर करू शकते. आजारपण असेल तर रजेचा अर्ज वेळेत गेला पाहिजे.

कार्यालयातली नोंदवही

दिल्लीत एक माणूस केवळ संसदेच्या कामासाठी ठेवा. बदल्या आणि शिफारसपत्रे त्याच्याकडे जाऊ देऊ नका, नाहीतर त्याचा दिवस त्यातच जातो. त्याच्या नोंदवहीत पाच रकाने पुरतात : विषय, साधन, तारीख, आलेले उत्तर, पुढची पायरी. शेवटचा रकाना रिकामा ठेवायचा नाही. अधिवेशन संपल्याच्या आठवड्यात प्रत्येक उत्तराची प्रत मराठी सारांशासह संबंधितांना पाठवा : कांद्याचे उत्तर बाजार समितीला आणि शेतकरी संघटनांना, गाडीच्या थांब्याचे प्रवासी संघटनेला. उत्तरातला आकडा खोटा असेल तर तो पहिल्यांदा तीच माणसे दाखवून देतात, आणि पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न तिथूनच लिहायला घ्यायचा.