उष्णता सोसत नाही म्हणून प्लाझ्मा? जरा थांबा

सीएसएसडीत, म्हणजे रुग्णालयाची उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या विभागात, नवीन आलेल्यांना एक नियम लगेच पाठ होतो: वाफ सोसणारं ऑटोक्लेव्हमध्ये, न सोसणारं प्लाझ्मात, म्हणजे कमी तापमानाला हायड्रोजन पेरॉक्साइडने निर्जंतुक करणाऱ्या मशीनमध्ये. नियम चुकीचा नाही, अर्धवट आहे: वाफ न सोसणारं सगळंच प्लाझ्मात चालत नाही. त्याच्या उरलेल्या अर्ध्या भागाने मला फार छळलं, म्हणून त्यावरच जास्त लिहिते.

प्लाझ्माची सायकल मध्येच रद्द झाली की आधी पॅक उघडून बघा. कागद, सुती कापड, गॉज यांतलं सेल्युलोज हायड्रोजन पेरॉक्साइड शोषून घेतं. ओलावा असेल तर हवी तेवढी निर्वात स्थितीच तयार होत नाही. उपकरण बाहेरून कोरडं दिसतं, पण नळीत थेंब राहिलेला असतो. आतून कॉम्प्रेस्ड हवा मारल्याशिवाय ते पॅक करूच नका.

ही सायकल निदान थांबते तरी. खरा धोका लांब, बारीक नळीचा. पेरॉक्साइड तिच्या मधल्या भागापर्यंत पोचलं नाही, तरी सायकल पूर्ण होते, पॅकवरच्या सूचक पट्टीचा रंगही बदलतो आणि आतला भाग तसाच राहतो. म्हणून नळीचा आतला व्यास, लांबी, ती स्टीलची की प्लास्टिकची, एका टोकाला बंद तर नाही ना, हे सगळं मशीनच्या मर्यादेशी ताडून बघा. उपकरणाच्या कंपनीची सूचनाही वाचा. ‘आम्ही नेहमी असंच करतो’ म्हणणारे सीनियर कितीही प्रेमळ असोत, त्यांचा शब्द त्या कागदाची जागा घेऊ शकत नाही.

प्लाझ्मात न बसणाऱ्या अशा नळ्यांना बऱ्याचदा ईटीओ, म्हणजे इथिलीन ऑक्साइड वायू, लागतो. तो खोलवर पोचतो, पण कर्करोगकारक आहे. नंतरचं एअरेशन, म्हणजे उपकरणात उरलेला वायू हवेने काढून टाकणं, ५० ते ६० अंशांवर ८ ते १२ तास चालतं. ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) कितीही फोन आले तरी त्यातला एक तासही कापू नका.

आणि २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये २० मिनिटं बुडवून ‘स्टराइल’ म्हणणं मला अजिबात मान्य नाही. ते फक्त उच्च पातळीचं जंतुनाशन, म्हणजे डिसइन्फेक्शन; निर्जंतुकीकरण नव्हे. जिवाणूंचे चिवट बीजाणू मारायला त्यात १० तास लागतात.

घाबरू नका. रोजचे बहुतेक सेट साध्या स्टीलचे असतात आणि वाफेवरच जातात. अडचण मोजक्या नळीदार उपकरणांची असते. त्यांच्या काउंट शीटवर, म्हणजे सेटमधल्या उपकरणांच्या यादीवर, व्यास, लांबी आणि ठरलेली पद्धत आजच लिहून ठेवा. रात्रपाळीत मोजत बसायला कुणालाच सवड नसते.