मातृ वंदनाचा हप्ता भलत्याच खात्यात जाऊ नये म्हणून

प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचा अर्ज मंजूर होतो, पण पैसे दिसत नाहीत. पुष्कळदा ते आईच्याच जुन्या, विसरलेल्या खात्यात पडलेले असतात. ही रक्कम पासबुकची झेरॉक्स पाहून येत नाही, आधारशी सीडिंग झालेल्या, म्हणजे सरकारी पैसे घेण्यासाठी आधार क्रमांकाशी जोडलेल्या खात्यात येते. असं खातं एका वेळी एकच असतं.

म्हणून अंगणवाडी सेविकेकडे किंवा आशाताईंकडे फॉर्म देण्याआधीच हे पाहून घ्या:

१. मोबाईलवर 'माय आधार' संकेतस्थळ उघडा, आईचा आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून लॉगिन करा.
२. 'बँक सीडिंग स्टेटस' दाबा. बँकेचं नाव दिसेल. पुढे 'ॲक्टिव्ह' आहे ना ते पाहा.
३. बँक जुनी असेल तर सध्या वापरात असलेल्या खात्याच्या शाखेत आधार सीडिंगचा संमती फॉर्म भरा. त्यात जुन्या बँकेचं नाव लिहायला विसरू नका.
४. काही दिवसांनी स्टेटस पुन्हा तपासा.

काउंटरवर 'आधार लिंक आहे' असं सांगतील. ते बहुधा केवायसीपुरतं, म्हणजे ओळख पटवण्यापुरतं असतं, तेवढ्याने हप्ता येत नाही. 'डीबीटीसाठी सीडिंग करा' असंच स्पष्ट म्हणा; डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येणं.

पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,००० एकदम. बाळंतिणीच्या खाण्यापिण्याच्या दिवसांत ही रक्कम मोठी असते.

एक लक्षात ठेवा: सीडिंग बदललं की गॅसच्या सबसिडीसारखे आधारवर येणारे बाकीचे पैसेही नव्या खात्यात येतील.