तैलरंगातलं तळ्याचं पाणी गढूळ होत असेल तर

भंडारदऱ्याचा जलाशय, मागे डोंगररांग, १२ बाय १६ इंची कॅनव्हास, इम्प्रेशनिस्ट ढंग, म्हणजे सुट्या फटकाऱ्यांतून प्रकाश पकडायचा. आभाळ आणि डोंगर छान उतरले. पण पाण्यात प्रतिबिंब टाकायला घेतलं की दहा मिनिटांत सगळं राखाडी-तपकिरी. नदीला पूर आल्यासारखं.

पांढरा वाढवला, तर पाणी खडूसारखं दिसलं. रंग पातळ करणारं टर्पेंटाइन वाढवलं, तर ओघळ आले. तीन कॅनव्हास खरवडून झाले, पार वैतागलो.

जमलं ते असं: आधी पॅलेटवरून काळा आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) काढून टाकले. गडद छटेसाठी अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि अलिझरिन (गडद लाल), त्यात किंचित व्हिरिडियन (निळसर हिरवा). डोंगराचं प्रतिबिंब डोंगरापेक्षा थोडं उजळ ठेवून, टर्पेंटाइनने पातळ केलेल्या थरात, फक्त उभ्या फटकाऱ्यांनी वरून खाली ओढलं. मग दोन दिवस हात लावला नाही. बोट टेकवल्यावर चिकटतंय, पण रंग बोटाला येत नाही, इतपत वाळू दिलं.

त्यावर आभाळाचा रंग, ट्यूबमधून निघतो तसाच जाड, आडव्या तुटक फटकाऱ्यांनी. एक फटकारा, ब्रश चिंधीला पुसायचा, मगच दुसरा. मारलेल्या फटकाऱ्यावरून पुन्हा ब्रश फिरवायचा नाही. माझं सगळं घोडं इथेच अडलं होतं. 'जरा मऊ करू' म्हणून मी ते घोटत बसायचो. फ्रेंच चित्रकार मोनेच्या १८७२च्या 'इम्प्रेशन, सनराइज' या चित्रामध्ये पाण्यातला नारिंगी सूर्य बघा: सुटे, आडवे फटकारे, घोटलेलं काही नाही.