काढणीच्या तोंडावर सोयाबीन पाण्यात गेल्यास काय करावे

मराठवाड्यात अनेकांनी रुंद वरंबा-सरी पद्धतीने, म्हणजे रुंद वरंब्यांवर पीक आणि मधल्या सऱ्यांतून जादा पाण्याचा निचरा अशी, पेरणी केली आणि बांधाच्या कडेने चरही काढले. परंतु सप्टेंबर २०२५ मध्ये मांजरा, सीना आणि गोदावरीच्या काठांवर झाला तसा पाऊस आला, की भारी काळ्या जमिनीतील सऱ्या गाळाने भरतात आणि पाणी शेतातच तुंबते. अशा वेळी सगळेच पीक वाचवण्याच्या धावपळीत हाती येण्याजोगे सोयाबीनही भिजते, म्हणून शेताचा कोणता भाग वाचेल हे फिरून आधी ठरवावे.

उताराकडील चराचे तोंड मोकळे करून पाणी नाल्याकडे काढावे. ते शेजाऱ्याच्या शेतात सोडू नये. चिखलात ट्रॅक्टर घालू नये. पीक हलवण्यापूर्वी फोटो काढून पंचनाम्यासाठी तलाठी व कृषी सहायकांना लेखी कळवावे.

उंचवट्यावरील पीक आधी कापावे आणि सखल भागातील, शेंगांतच कोंब फुटलेल्या पिकात ते मिसळू देऊ नये, कारण थोडासा डागी माल सगळ्या मालाचा भाव पाडतो. सर्वाधिक नुकसान मात्र कापणीनंतर होते. ओल्या पिकाची गंजी लावून त्यावर ताडपत्री घट्ट बांधली, की आत वाफ कोंडते आणि बुरशी धरते. गंजीत कोपरापर्यंत हात घालून पाहावा. आतून ऊब लागली किंवा कुबट वास आला तर ती लगेच मोडून पीक पसरावे. ताडपत्री पावसापुरती आणि रात्रीपुरतीच टाकावी, उघडीप मिळताच काढावी. मळणीच्या वेळी यंत्राच्या ड्रमचा वेग कमी ठेवावा, अन्यथा दाण्याची डाळ होते. हमीभाव खरेदीसाठी ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. बुरशी लागलेले भुसकट, वैरणीची कितीही टंचाई असली तरी, जनावरांना घालू नये.

पुढच्या खरिपाचे बियाणे फक्त न भिजलेल्या भागातून राखावे. ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून उगवण तपासावी. ७० किंवा अधिक दाणे उगवले तर एकरी ३० किलो बियाणे पुरते, उगवण कमी असेल तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे किंवा दुसरीकडून घेण्याची तजवीज आतापासूनच करावी.

रब्बीची पेरणी तारखेवर नव्हे, वाफशावर, म्हणजे जमिनीत पेरणीजोगी ओल उरल्यावर करावी. मुठीत दाबलेला मातीचा गोळा बोटाने टिचकी मारताच फुटला, तरच तिफण धरावी. पाणी तुंबलेल्या रानात हरभऱ्याला मर रोगाचा धोका असल्याने बियाण्यास प्रतिकिलो ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) चोळावे. वाफसा नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आलाच नाही आणि पाण्याची सोय असेल, तर त्या तुकड्यात उशिरा पेरणीच्या वाणाचा गहू घ्यावा.