बंबापासून ताटापर्यंत: स्तनाचा कर्करोग आणि घरातली प्रदूषके

स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी व्हावा म्हणून घरातली प्रदूषके हटवायची असतील, तर पहिला विचार घरातल्या लहान मुलींचा आणि गरोदर सुनेचा करावा. कॅलिफोर्नियात १९५९ ते १९६७ या काळात बाळंतिणींच्या रक्ताचे नमुने जपून ठेवले होते. त्यांवरून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, डीडीटी या कीटकनाशकाचा सर्रास वापर सुरू झाला तेव्हा ज्या चौदा वर्षांच्या आतल्या होत्या आणि ज्यांच्या रक्तात ते जास्त होते, त्यांना पन्नाशीच्या आत हा कर्करोग होण्याचा धोका सुमारे पाचपट होता. वयाने मोठ्या असलेल्यांत मात्र हा संबंध दिसला नाही. विष तेच, फरक पडला तो वयाने, कारण स्तनाची घडण गर्भात आणि वयात येताना होत असते.

म्हणून सुरुवात परसातल्या बंबापासून करावी. बंब चटकन पेटावा म्हणून दुधाच्या पिशव्या, चपलेचा तुकडा, तुटका पाइप आत सारण्याची सवय अनेक घरांत आहे, आणि आंघोळीच्या पाण्याची वाट पाहत मुली त्याच धुरात उभ्या असतात. पीव्हीसीसारखे क्लोरीन असलेले प्लास्टिक असे अर्धवट जळते तेव्हा डायॉक्सिन हे विषारी रसायन तयार होते. ते धुराबरोबर नाहीसे होत नाही. राखेत आणि मातीत राहते, ती माती टिपणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात उतरते. बंबात फक्त वाळलेले, रंग न दिलेले लाकूड घालावे, आणि कचऱ्याची राख अळूच्या वाफ्यात टाकू नये.

माणसाच्या शरीरात जाणाऱ्या डायॉक्सिनपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक अन्नातून जाते, तेही मुख्यतः मांस, मासे आणि दुधाच्या स्निग्धांशातून. ते चरबीत साठत असल्याने धुऊन जात नाही. मटणावरची, कोंबडीच्या कातडीखालची चरबी शिजवण्यापूर्वीच काढून टाकावी. भाज्यांचे वेगळे आहे. वरवरची फवारणी वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्याने बरीच कमी होते, कोबीची बाहेरची पाने काढून टाकावीत. पण फवारणीच्या धास्तीने पालेभाजी बंद करू नये.

प्लास्टिकबद्दल थोडक्यात: काही प्लास्टिकमध्ये असणाऱ्या बिसफेनॉल-ए या रसायनाचा माणसातल्या स्तनाच्या कर्करोगाशी संबंध अजून पक्का झालेला नाही, तरी खानावळीतले उकळते वरण पिशवीत बांधून आणण्यापेक्षा स्टीलचा डबा न्यावा, एवढे सहज जमते.

हे सगळे करताना मोठ्या कारणांकडे दुर्लक्ष होऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मद्याने हा धोका वाढतो हे निःसंशय सिद्ध झाले आहे, पाळी गेल्यानंतरचा लठ्ठपणाही तो वाढवतो. आईच्या दुधात कीटकनाशकांचे अंश सापडल्याच्या बातम्या वाचून स्तनपान थांबवणे ही तर मोठीच चूक ठरेल. स्तनपानाने बाळाचे पोषण होते आणि आईचा धोकाही कमी होतो.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीने दर पाच वर्षांनी आरोग्य केंद्रात स्तनांची तपासणी करून घ्यावी. गाठ लागली, त्वचा आत ओढली गेली किंवा स्तनाग्रातून रक्त आले, तर गाठ दुखत नसली तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे.