दोन लाइनी घेऊनही नेट का जातं? लिनक्स राउटर लावताना या चुका टाळा

अंबाजोगाईतल्या एका सेवा केंद्रात मी लिनक्सचा राउटर बसवून दिला. मुख्य लाइन फायबरची, अडीअडचणीला फोर-जी. राउटरमधून फायबरच्या मोडेमकडे जाणारी वायर उपटून दाखवली, नेट लगेच फोर-जीवर गेलं. पुढे ऐन पीकविम्याच्या गर्दीत जेसीबीने रस्त्यात फायबर तोडली आणि नेट ठप्प. सातबारा हातात घेऊन माणसं दारात ताटकळली. चूक माझीच होती.

राउटर ते मोडेम ही वायर शाबूत होती आणि लिनक्सला तेवढीच दिसते. मोडेमच्या पुढे काय तुटलं, हे विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून दर पाच सेकंदांनी, त्याच लाइनमधून, ८.८.८.८ आणि १.१.१.१ या गूगल आणि क्लाउडफ्लेअरच्या दोन सर्व्हरना पिंग करणारी, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारून उत्तराची वाट बघणारी स्क्रिप्ट लावा. मोडेमला पिंग करून उपयोग नाही. सलग तीनदा दोघांचंही उत्तर आलं नाही तरच लाइन बदला, नाहीतर दिवसभर इकडून तिकडे चालू राहतं.

फायबरच्या डीफॉल्ट रूटला, म्हणजे नेटकडे जायच्या ठरलेल्या वाटेला, मेट्रिक (पसंतीचा आकडा) १०० द्या, फोर-जीला २००. कमी आकड्याला आधी मान. फायबर गेली की बरेच जण तिचा रूटच पुसतात. मग तपासणीच्या पिंगलाही त्या लाइनने बाहेर पडता येत नाही आणि फायबर जोडली गेली तरी राउटर फोर-जीवरच अडकतो. त्यापेक्षा फायबरचाच ३०० मेट्रिकचा रूट आधी टाका, मग १०० चा काढा.

फोर-जी धडधाकट असून तिचं पिंग सतत फसत असेल, तर आरपी फिल्टर (rp_filter, आलेलं पॅकेट योग्य लाइनने आलंय का हे तपासणारी लिनक्सची सेटिंग) बघा. तो १ वर असला की दुसऱ्या लाइनने आलेली उत्तरं कर्नल (लिनक्सचा गाभा) टाकून देतो, २ करा.

दोन्ही मोडेमचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर एकाचा बदला. मास्करेड, म्हणजे आतल्या कॉम्प्युटरांच्या पत्त्याऐवजी राउटरचा बाहेरचा पत्ता लावणं, दोन्ही लाइनींवर हवं. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर) नेट देणाऱ्या कंपनीचा ठेवू नका, बऱ्याच कंपन्यांचा डीएनएस दुसऱ्याच्या लाइनवरून उत्तर देत नाही. लाइन बदलली की कॉनट्रॅकच्या, म्हणजे कर्नल ठेवतो त्या चालू कनेक्शनच्या यादीतल्या, जुन्या नोंदीही साफ करा, कारण चालू कनेक्शन जुन्याच पत्त्याला धरून बसतात.

आणि आपल्याकडची वीज! राउटरला यूपीएस आणि फायबरचा मोडेम थेट बोर्डावर, असं मी कितीदा पाहिलंय.

आता मी चाचणी घेताना राउटरच्या वायरला हात लावत नाही. मोडेममध्ये येणारी फायबर काढतो आणि समोरच्या कॉम्प्युटरवर नवं पान उघडेपर्यंत थांबतो. मग ती परत जोडून, लाइन माघारी येईपर्यंत तिथेच बसतो.