जुन्या ॲम्बेसेडरला घरच्या घरी पॉवर ब्रेक

चाळीसगाव आणि कन्नड यांच्यामधला घाट जुनी ॲम्बेसेडर फारशी कुरकुर न करता चढते. तिची खरी परीक्षा होते ती चाळीसगावकडे उतरताना. चारही चाकांना ड्रम ब्रेक, बूस्टरचा पत्ता नाही, मागे तीन माणसे आणि डिकी भरलेली, अशा वेळी ब्रेकच्या पेडलवर जवळजवळ उभेच राहावे लागते. ज्याला पाने चालवण्याची सवय आहे आणि घाई नाही, त्याला हा त्रास घरच्या घरी कमी करता येतो.

मात्र पॉवर ब्रेक म्हणजे नवे ब्रेक, हा गैरसमज आधीच दूर केलेला बरा. या गाडीचे ब्रेक मुळातच हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे आहेत. आपण त्यांना जोड देतो ती व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढून घेण्याच्या ताकदीवर चालणाऱ्या बूस्टरची, आणि बूस्टर फक्त पायाचा जोर वाढवतो. धुळ्याच्या एका जुन्या मिस्त्रींनी मला पहिल्याच दिवशी सुनावले होते, "भो, पेडल हलकं झालं म्हणजे ब्रेक सुधारला असं नाही." गळका व्हील सिलिंडर (चाकातला तेलाच्या दाबावर चालणारा सिलिंडर), तेलकट लायनर (ड्रमवर घासणारे अस्तर) किंवा फुगलेला रबरी होज यांच्यावर बूस्टर चढवला, तर तोच दोष अधिक दाबाखाली, बहुधा नको त्या ठिकाणी, उघडा पडतो.

म्हणून सुरुवात चाकांपासून करावी. गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्यावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. ड्रममधली धूळ हवेने उडवू नये, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ती ओल्या फडक्याने पुसावी. व्हील सिलिंडरचे रबरी बूट मागे सारून आत ओल आहे का, हे पाहावे आणि असल्यास नुसते रबरी भागांचे किट न बदलता सिलिंडरच बदलावा. ड्रमला कडा किंवा लंबगोलपणा आला असेल तर तो लेथवर फिरवून घ्यावा, पण ठरलेल्या कमाल व्यासापलीकडे गेलेला ड्रम भंगारातच टाकावा. तिन्ही होज नवे घालावेत. बाहेरून धड दिसणारा जुना होज आतून फुगून बंद झालेला असू शकतो.

यानंतर मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर तेलाला दाब देणारा मुख्य सिलिंडर, कुठे आहे, हे पाहावे, कारण पुढची सगळी मांडणी त्यावर ठरते. तो पायाखाली चासीला लावलेला असेल, तर पेडलची रचना न बदलता तेलाच्या लाइनमध्ये बसणारा रिमोट सर्वो (पेडलपासून वेगळा बसणारा बूस्टर) सोपा पडतो: मास्टरकडून आलेला तेलाचा दाबच त्याची झडप उघडतो आणि वाढलेला दाब चाकांकडे जातो. परंतु अशाने चारही चाके एकाच लाइनवर राहतात, म्हणजे एक पाइप फुटला की सगळेच गेले. इंजिनामागच्या पत्र्यावर जागा करता येत असेल, तर बूस्टर आणि त्याला जोडलेला टँडम, म्हणजे दुहेरी, मास्टर सिलिंडर हाच मार्ग मी निवडेन, कारण त्यात पुढच्या आणि मागच्या चाकांच्या लाइन वेगळ्या होतात. पत्रा पातळ असल्याने आतून किमान तीन मिलिमीटर जाडीची पट्टी देऊन मगच बोल्ट आवळावेत. पत्रा लवला तर पायाचा अर्धा जोर तिथेच जिरतो.

मास्टर निवडताना 'मोठा तो चांगला' हा हिशेब उलटा पडतो. पाऊण इंची बोअरऐवजी (आतल्या व्यासाऐवजी) ७/८ इंची घेतला, तर तेवढ्याच जोरात लाइनमधला दाब सुमारे २७ टक्क्यांनी उतरतो. पेडल कमी खाली जाते, पण जड होते. शिवाय मास्टर ड्रम ब्रेकसाठीचाच असावा. बूस्टरची ताकद त्याच्या पडद्याच्या आकारावर ठरते: आठ इंची पडद्यावर ५०० मिलिमीटर पाऱ्याइतका व्हॅक्यूम मिळाला, तर कागदावर सुमारे २२० किलोंचा जोर होतो, आणि या गाडीला तो पुरे आहे. पेट्रोल इंजिनात हा व्हॅक्यूम इनटेक मॅनिफोल्डमधून, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यातून मिळतो. डिझेल गाडीत तो तिथे मिळत नाही, म्हणून व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर बसवावा लागतो. मॅनिफोल्डपासून बूस्टरपर्यंतचा पाइप जाड, व्हॅक्यूमसाठीचाच असावा, कारण पाण्याचा किंवा पेट्रोलचा साधा पाइप आत ओढला जाऊन चपटतो. त्यात एकदिशा झडप योग्य बाजूने बसवावी.

लाइनसाठी ४.७५ मिलिमीटरचा स्टीलचा ब्रेक पाइपच वापरावा. फ्रिजवाल्याकडचा तांब्याचा पाइप वाकवायला सोपा आहे, म्हणूनच मोह होतो. तो मोह टाळावा. जुन्या गाडीचे नट इंची आटेचे आणि नव्या मास्टरचे बहुधा मिलिमीटरचे असतात. दोन फेरे हाताने फिरून मग अडकणारा नट पान्याने बळेच कसू नये.

आता या सगळ्या कामातली सर्वांत बारीक जागा. बूस्टरचा पुशरॉड (पुढे ढकलणारी दांडी) आणि मास्टरचा पिस्टन यांत साधारण अर्धा ते एक मिलिमीटर मोकळीक हवी. ती मोजण्यासाठी घट्ट मळलेल्या कणकेची लहान गोळी रॉडच्या टोकावर ठेवावी, मास्टर जागेवर बसवून नट हाताने आवळावेत, पुन्हा काढावा आणि चेपलेल्या कणकेची जाडी पाहावी. मग कणकेचा कण न कण पुसून टाकावा. हा पाच मिनिटांचा खटाटोप मी पहिल्या वेळी टाळला होता. जिनिंगच्या मोकळ्या आवारात गाडी उत्तम थांबली, मात्र धुळ्याहून निघाल्यावर आठ-नऊ किलोमीटरमध्ये ती जड झाली, जणू कोणी मागून ओढत होते. उतरून पाहिले तर पुढच्या चाकांना हात लावता येत नव्हता आणि लायनर जळल्याचा वास सुटला होता. रॉड पिस्टनला सतत थोडा दाबून ठेवत होता, त्यामुळे तेल टाकीत परतण्याचे बारीक भोक बंद राहिले होते. तापलेले तेल फुगत गेले आणि ब्रेक आपोआप लागत गेले. मास्टरचे दोन नट थोडे सैल केले, तशी चाके सुटली. हीच या दोषाची खूण आहे.

लाइनमधली हवा काढताना मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्याने मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे. ब्रेकचे तेल सीलबंद डब्यातले, डीओटी ३ किंवा ४ प्रतीचे असावे. ते हवेतले पाणी शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो; नव्या डीओटी ३ चा किमान २०५ अंश असतो, तर ओल्या तेलाचा किमान १४० च. घाटात हा फरक जाणवतो. रंगावर थेंब पडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करतो आहे. ते हळूहळू खोल जात राहिले, तर मात्र गळती आहे आणि गाडी रस्त्यावर नेऊ नये. आधी मोकळ्या जागी २० च्या वेगाने, नंतर ४० च्या वेगाने थांबवून पाहावी आणि रस्त्यावर काढण्यापूर्वी जाणत्या मिस्त्रीच्या नजरेखालून घालावी. उतारावर इंजिन बंद करून पेट्रोल वाचवण्याची आपल्याकडची जुनी सवय आता सोडावी लागेल, कारण इंजिन बंद झाले की मदतीचे दोन-तीनच दाब शिल्लक राहतात.

गाडी ५० वर्षांहून जुनी असून तिची व्हिंटेज नोंदणी करण्याचा विचार असेल, तर पत्रा कापण्यापूर्वी आरटीओकडे चौकशी करावी. २०२१ च्या नियमांनुसार अशी गाडी मूळ रूपात असावी लागते. काढलेला मास्टर, पाइप आणि कंस तेलाचा हात देऊन एका डब्यात जपून ठेवावेत.